जाहिरातीतल्या एका ओळीबद्दल

भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव इथल्या कारखान्यांतील मनुष्यबळ अधिकाऱ्यांना खुलं पत्र



मी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. एकोणतीस वर्षं टर्नर ट्रेड शिकवला. निवृत्त झालो तरी पोरं सुटली नाहीत, आणि मलाही ती सोडवत नाहीत. भोसरीत राहतो. एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी सकाळी नऊपासून घरी मुलं येऊ लागतात. कुणी माझ्याच वर्गातलं, कुणी त्याचा रूम पार्टनर, कुणी नुसतं ऐकून आलेलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकतो, मुलं पिशव्यांतून फायली काढतात आणि आम्ही कागद लावत बसतो.

तुमच्यापैकी काहींना मी ओळखतो. कॅम्पससाठी तुम्ही आमच्या संस्थेत आला आहात, शेडमध्ये उभं राहून चहा घेतला आहे. तुमच्याशी माझं भांडण नाही. पण विषय असा आहे की मोघम बोलून भागणार नाही.

मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारची गोष्ट. एक मुलगा मोबाइलवर अर्ज भरत होता. पद होतं ‘ट्रेनी ऑपरेटर, सीएनसी टर्निंग’. नाव, ट्रेड, गुण, आधार क्रमांक, सगळं भरून झालं. मग एक चौकोन आला : एकूण अनुभव, वर्षांमध्ये. त्यानं शून्य टाकलं. चौकोन लाल झाला आणि खाली ओळ उमटली : किमान दोन. त्यानं पुन्हा शून्य टाकलं, पुन्हा लाल. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “सर, दोन टाकू का?”

मी नको म्हणालो. त्यानं फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला.

या मुलाच्या हातचा आटा मी पाहिलेला आहे. त्यानं कापलेल्या बोल्टवर नट ठेवून बोटानं फिरवला की तो शेवटपर्यंत एका चालीत जातो, मध्ये अडत नाही की खुळखुळत नाही. हे तुमच्या कारखान्यातल्या एकाही माणसाला कळलं नाही, कळणारही नाही. तो तुमच्या गेटपर्यंत पोचलाच नाही. त्याला अडवलं ते एका चौकोनानं, आणि पद तर शिकाऊ माणसाचं होतं.

ही ओळ तुम्ही का लिहिता हे मला ठाऊक आहे. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात आणि तुमच्या विभागात माणसं दोन-तीन. काहीतरी चाळण लावावीच लागते. उत्पादन विभागाचा साहेब म्हणतो, मला उद्या मशीनवर उभा राहणारा माणूस हवा, शिकवत बसायला वेळ नाही. नवख्या मुलानं ऑफसेट चुकीचा टाकला आणि टूल चकवर आपटलं तर स्पिंडल जातो, मशीन बंद पडतं, ग्राहकाचा फोन येतो. ही भीती खोटी नाही. आमच्याही शेडमध्ये टूल आपटलेली आहेत. त्या आवाजानं पोटात जो गोळा येतो तो मला अजून आठवतो. म्हणून तुम्हाला चाळण नको, असं मी म्हणणार नाही. चाळण हवीच. पण तुम्ही लावलेल्या चाळणीतून नेमकं काय गाळलं जातं, ते एकदा बघा.

तुमच्याच शॉप फ्लोअरवर चला. प्रत्येक लाइनच्या सुरुवातीला भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो, स्किल मॅट्रिक्स. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची नावं, आणि प्रत्येक घरात चार भागांचं एक वर्तुळ. पाव भरलेलं असेल तर माणूस अजून शिकतोय. अर्धं भरलं की कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो. पाऊण म्हणजे एकट्यानं करतो आणि पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटर आला की आधी त्या तक्त्यासमोर उभा राहतो. हा तक्ता मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. त्यात ‘वर्षं’ हा रकानाच नाही. पाच वर्षं काम केलेल्याचं एखादं वर्तुळ अर्ध्यावरच असतं आणि आठ महिन्यांच्या पोराचं पाऊण भरलेलं असतं. सुपरवायझरनं काम बघितलं, जॉब मोजला आणि पेननं वर्तुळ रंगवलं, इतकंच.

म्हणजे माणसाचं कसब वर्षांत मोजू नये, हे तुमच्या कारखान्याला आधीपासून माहीत आहे. गेटच्या आत वर्तुळ चालतं आणि गेटबाहेर मात्र वर्षं लागतात. आणखी एक. गेटमधून आत आलेला माणूस दहा वर्षांचा अनुभव घेऊन आला तरी त्याला आधी डोजोमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या खोलीत, बसवता. तिथे त्याला तुमचा पार्ट, तुमचे गेज, तुमची सुरक्षा, तुमची पद्धत शिकवता. ते बरोबरच आहे, कारण दुसऱ्या कंपनीत शिकलेलं तुमच्या लाइनवर जसंच्या तसं चालत नाही. मग जो माणूस पुन्हा शिकवावाच लागणार आहे, त्याच्याकडे दोन वर्षं कशासाठी मागायची?

आता त्या दोन वर्षांचा हिशोब करू. आयटीआयच्या सध्याच्या अभ्यासक्रमात टर्नरच्या वर्षाचे १,२०० तास असतात, त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. दोन वर्षांचे झाले १,६८०. आठ तासांच्या पाळीनं मोजले तर २१० पाळ्या. या मुलानं २१० पाळ्या अंगात डांगरी घालून लेथसमोर काढलेल्या असतात. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बांधून डायलनं सेंटर काढलेला असतो. स्वतःचं टूल स्वतः घासलेलं असतं, चुकीच्या कोनात घासलं म्हणून पुन्हा घासलेलं असतं. टूल बोथट झालं की कापण्याचा आवाज कसा बदलतो हे त्याच्या कानाला कळायला लागलेलं असतं. तुमच्या अर्जात या सगळ्याची नोंद ‘शून्य’ अशी होते.

हे झालं आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांचं. माझ्या सतरंजीवर येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त मुलं तशी नसतात. ती दोन-दोन, तीन-तीन वर्षं याच पट्ट्यात काम करत असतात आणि तरीही कागदावर फ्रेशरच राहतात. यातच माझं खरं म्हणणं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुम्हाला ‘सात महिने’ हा शब्द समजावून सांगायला नको. ठेकेदारामार्फत मुलगा लागतो. सात महिने झाले की त्याला ‘ब्रेक’ दिला जातो. कायद्यातल्या २४० दिवसांच्या आधीच त्याला थांबवलं की सलग सेवेचा प्रश्न येत नाही. मुलगा दुसरा ठेकेदार बघतो, दुसरी कंपनी, पुन्हा सात महिने. असं तीन वेळा झालं की एकवीस महिने होतात. या एकवीस महिन्यांत त्यानं हजारो जॉब काढलेले असतात. पण ज्या कंपनीत तो उभा होता तिच्या लेखी तो कधी नव्हताच, आणि ठेकेदाराचं ऑफिस एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात गेलेलं असतं, फोन उचलला जात नाही. हातात काय उरतं? पुसट झालेलं एक ओळखपत्र आणि सेफ्टी शूज.

मग तुमची जाहिरात येते : किमान दोन वर्षांचा सलग अनुभव, अनुभवाच्या दाखल्यासह.

सलग? या पट्ट्यात मुलाला सलग काम करू कोण देतं? सात महिन्यांवर थांबवायचं आपण, दाखला न देता सोडायचं आपण आणि दोन वर्षांचा दाखला मागायचाही आपणच. ‘आपण’ म्हणतो, कारण मीही या उद्योगाचाच माणूस आहे. तुम्ही एकट्यानं हे करत नाही, हे मला कळतं. सात महिन्यांचा निर्णय कुणी वेगळा घेतो, जाहिरात कुणी वेगळा लिहितो, ठेकेदाराशी बोलणारा तिसराच असतो. पण या तिघांची गाठ ज्या एका टेबलावर पडते ते टेबल मनुष्यबळ विभागाचं आहे.

त्या एकवीस महिन्यांचा एक पुरावा मात्र हमखास सापडतो, आणि तो शोधायला मी मुलांना शिकवलं आहे. प्रॉव्हिडंट फंडाचं पासबुक. २०१४ पासून प्रत्येकाला एक यूएएन क्रमांक मिळतो. ठेकेदार बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. त्यावर लॉगिन केलं की कोणत्या आस्थापनेनं कोणत्या महिन्यात वर्गणी भरली ते दिसतं. सतरंजीवर बसून एका मुलाचं पासबुक उघडलं तेव्हा तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. तीन ठेकेदार, एकोणीस महिन्यांची वर्गणी. दोन महिन्यांची ठेकेदारानं भरलीच नव्हती, तो भाग वेगळा. “सर, हे तर सगळं आहे की,” तो म्हणाला. आपण कुठेतरी होतो, याचा पुरावा त्याला पहिल्यांदा दिसत होता. आम्ही त्याची प्रिंट काढली आणि अर्जाला जोडली.

साहेब, हे पासबुक अनुभवाचा पुरावा म्हणून स्वीकारा. लेटरहेडवरच्या दाखल्यापेक्षा ते जास्त खरं आहे, कारण ते कुणाला विकत घेता येत नाही.

दाखले विकत मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं घेतला. हुशार पोरगा, बापाचं दुखणं, घरी बहिणीच्या लग्नाचं बघणं चाललेलं. दीड वर्ष सगळीकडे ‘फ्रेशर नको’ ऐकून थकला होता. कुणीतरी सांगितलं की अमुक ठिकाणी दोन वर्षांचा दाखला बनवून मिळतो. नोकरी लागली. तीन महिने काम केलं, चांगलं केलं, सुपरवायझरनं वर्तुळ पाऊण रंगवलं. मग पडताळणीत दाखला खोटा निघाला आणि त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. खोटं वागला, याबद्दल मी त्याला चार शब्द सुनावले. पण रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या हातच्या कामात खोट नव्हती, कागदात होती. आणि तो कागद नसता तर त्याचं काम कुणी बघितलंच नसतं. ही अट लावून तुम्ही अनुभवी माणूस मिळवता असं तुम्हाला वाटतं. कित्येकदा तुम्हाला मिळतो तो खोटं बोलायला कचरत नाही असा माणूस. खरं बोलून शून्य लिहिणारा मात्र चौकोनापाशीच थांबतो.

आता एका वेगळ्या मुलाबद्दल सांगतो. लातूरकडचा. आई-वडील ऊसतोडीला जायचे. आयटीआय झाल्यावर सहा-सात ठिकाणी हाच अनुभव आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, दाखला नाही ना, मग काम घेऊन जा. संस्थेत आम्ही मुलांकडून प्रात्यक्षिकाची वही लिहून घेतो. बहुतेक जण परीक्षेपुरती लिहितात. यानं मन लावून लिहिली होती. प्रत्येक पानावर जॉबचं ड्रॉइंग, मटेरियल, किती वेळ लागला, मोजमाप काय आलं आणि कुठे चुकलं. चुकलेलं खोडलं नव्हतं, शेजारी लाल पेननं कारण लिहिलं होतं : टेलस्टॉक सेंटरला नव्हता, टेपर आला. ती वही त्यानं घेतली. आणि माझ्या ओळखीच्या एका गाळ्यात रविवारी लेथ मागून एक जॉब काढला. ईएन-८ ची स्टेप पिन, तीन पायऱ्या, एका टोकाला आटा. तो जॉब तेल पुसून रुमालात गुंडाळला आणि एका छोट्या कारखान्याच्या गेटवर गेला. जाहिरात नव्हती, बोलावणं नव्हतं.

वॉचमननं आत सोडलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत टूलरूमचा फोरमन बाहेर चहाला आला, तेव्हा यानं रुमाल उघडला.

पुढचं मला त्या फोरमननंच सांगितलं. त्यानं पिन हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठ्याच्या नखानं पायरीची कड चाचपली. बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धातूची कोर, नव्हती. ही पहिली खूण. आळशी टर्नर बर ठेवतो. मग त्यानं खिशातून मायक्रोमीटर काढला. ड्रॉइंग वहीत होतंच : पंचवीस मिलिमीटर, वीस मायक्रॉनची सूट. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही चूक चालणार नव्हती. पिन बारा मायक्रॉननं कमी होती, म्हणजे मापात. फोरमननं विचारलं, बरोबर शून्यावर का नाही आली? मुलगा म्हणाला, शेवटचा कट घेतला तेव्हा जॉब गरम होता, थंड झाल्यावर आकसला. गरम असताना मोजलं ही चूक झाली, पण सूट आहे म्हणून ठेवला. फोरमननं चहा तसाच ठेवला आणि त्याला आत घेऊन गेला.

बारा मायक्रॉननं पिन कमी का भरली, हे ज्याला सांगता येतं त्याला अजून कोणता अनुभव हवा? दोन वर्षं बटण दाबणाऱ्याला हे उत्तर देता येईलच असं नाही. आणि हे तपासायला त्या फोरमनला किती वेळ लागला? एका चहाचा, आणि तोही पुरता पिऊन झाला नव्हता.

प्रत्येक मुलानं रुमालात जॉब बांधून गेटवर उभं राहावं, असं मी म्हणत नाही. गुरुवारी येणाऱ्यांना मी ते शिकवतो, कारण माझ्या हातात तेवढंच आहे. पण सगळं मुलाच्याच हिमतीवर सोडून द्यायचं का? ज्याला गाळ्यात लेथ मागता येत नाही, ज्याला फोरमनशी बोलायला जीभ उचलत नाही, ज्या मुलीला गेटवर उभं राहिलं की चार जण वळून बघतात, त्यांनी काय करायचं? मुलींचं आणखी एक आहे. आयटीआय झालं, वर्षभर असेंब्ली लाइनवर काम केलं, लग्न झालं, मूल झालं, तीन वर्षांनी परत आल्या. तुमचा अर्ज त्यांना विचारतो, मधल्या काळात काय केलं? त्यांच्या हातांना सोल्डरिंग आठवतं. एक दिवस बसवून बघा.

नव्या माणसाला संधी देऊनच उद्योग उभा राहतो, हे या पट्ट्यातला उद्योग विसरला म्हणून आठवण करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला तेव्हा पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. कुणी वापरलेला नाही म्हणून कुणी घेत नव्हतं, आणि कुणी घेत नव्हतं म्हणून वापरलेला नव्हता. अगदी माझ्या मुलांसारखंच. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांच्या आधारानं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, तेव्हा लक्ष्मणरावांनी तिथे आणलेल्या माणसांत शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर होते, त्यांनी पुढे यंत्रं रचली. रात्रीच्या राखणीवर दरोड्याची शिक्षा भोगलेली माणसं होती, आणि वाडीचा विश्वास त्यांच्यावर होता. किर्लोस्करवाडीत कुणी आधीचा दाखला मागितला असता तर माळ माळच राहिला असता. ज्या माणसाचा नांगर दोन वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत पडून होता, त्याला नव्या माणसाला उभं करण्याची किंमत कळली असणार, असं मला नेहमी वाटतं.

कायद्यानंही तुमच्या हातात एक रस्ता दिलेला आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर ठेक्यावरच्यांसह एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराचं विद्यावेतन महिना किमान ७,००० रुपये ठरलं आणि त्यातला पाव हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. हे तुम्हाला पाठ आहे. पण २०१४ च्या दुरुस्तीनं कलम २२ मध्ये एक गोष्ट आली आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आपल्याकडे उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत कसं घेणार याचं धोरण प्रत्येक मालकानं स्वतः ठरवावं, असं ते कलम सांगतं. तुमच्या कंपनीचं हे धोरण लिहिलेलं आहे का? असेल तर ते गेटवर लावा. नसेल तर या महिन्यात लिहा. सर्वोच्च न्यायालयानंही १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावं.

आज मात्र होतं ते उलटं. मुलगा वर्षभर तुमच्याकडे उमेदवारी करतो, अखिल भारतीय परीक्षा देतो, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवतो, आणि तुमच्याच शेजारच्या कंपनीत गेला की त्याला सांगितलं जातं, अप्रेंटिसशिप आम्ही अनुभवात धरत नाही. का धरत नाही? त्या वर्षभरात तो काय करत होता? तुमच्यासारख्याच लाइनवर तुमच्यासारखेच पार्ट काढत होता. २०२४ मध्ये राज्यानं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, सहा महिन्यांची, पदवीधराला महिना १०,००० आणि आयटीआयवाल्याला ८,००० रुपये. त्यातूनही हजारो मुलं कामावर गेली. ते सहा महिनेही तुम्ही अनुभवात धरणार नसाल तर सरकारनं पैसे खर्च करून त्या मुलांना नक्की काय दिलं?

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली देशातली एकूण बेरोजगारी ३.२ टक्के आणि पंधरा ते एकोणतीस वयातली १०.२ टक्के दिसली. तिपटीहून जास्त. घर चालवायला निघालेल्या वयातच दार सर्वांत घट्ट लागलेलं असतं.

मुलं शिकतात आणि दोन हजार जास्त मिळाले की निघून जातात, हे तुमचं दुःखही मी ऐकलेलं आहे. एका मालकानं मला पोटतिडकीनं सांगितलं होतं, सर, मी शिकवतो आणि मोठ्या कंपन्या उचलून नेतात. त्याचं खरं आहे. सगळ्यात जास्त शिकवतात ते दहा-पंधरा मशीनचे छोटे कारखाने, आणि त्यांना त्याचं श्रेय कधी मिळत नाही. त्या मालकांपुढे मी हात जोडतो. पण जे पळवून नेतात त्यांच्या जाहिरातीत ‘दोन वर्षं’ असतात म्हणूनच तर त्यांना दुसऱ्यानं शिकवलेली माणसं पळवून न्यावी लागतात. सगळ्यांनी थोडं-थोडं शिकवलं असतं तर एकट्यावर भार आला नसता. आणि जो राहतो तो का राहतो, हेही मी पाहिलं आहे. माझ्या पहिल्या बॅचमधला एक मुलगा आज चाकणला टूलरूमचा प्रमुख आहे. त्याला पहिल्या दिवशी ज्यानं मशीन दिलं त्याच्याकडे तो बावीस वर्षं राहिला.

मागणं फार मोठं नाही. ज्या कामाला खरोखर अनुभव लागतो, सेटरचं, मेंटेनन्सचं, क्रेनचं, तिथे जरूर मागा. मी स्वतः नवख्याला क्रेनखाली उभं करणार नाही. पण ज्या जागेचं नाव तुम्हीच ट्रेनी किंवा ज्युनिअर ऑपरेटर ठेवलं आहे तिथला तो चौकोन काढून टाका. उमेदवारीचं वर्ष, ठेक्यावरचे महिने, पीएफ पासबुकातल्या नोंदी, सगळं मोजा. तुमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ठेक्याच्या मुलाला त्यानं कोणतं मशीन चालवलं हे लिहिलेला एक कागद द्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मागणी केल्यावर असा अनुभवाचा दाखला देणं ठेकेदारावर बंधनकारक केलेलं आहे. पण ठेकेदाराला ते सांगायला तुमचा एक फोन पुरतो, आणि मुलाच्या मागणीला ते वजन नसतं. सात महिन्यांवरही बोलायला हवं, पण ते एका पत्रात मावणारं नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

जाहिरात कशी लिहावी, असं मला एका अधिकाऱ्यानं विचारलं होतं. मी गुरुवारी मुलांना विचारलं. त्यांनी सतरंजीवर बसून, माझ्या पेननं, एका फाइलच्या मागच्या बाजूला लिहिली. त्यांचीच भाषा ठेवून खाली देतो. तुम्हाला चालत असेल तर तशीच छापा :

‘टर्नर पाहिजे. अनुभव असेल तर सांगा, नसेल तरी या. शनिवारी सकाळी नऊ वाजता गेटवर. सेफ्टी शूज घालून, कडं आणि अंगठी काढून. प्रात्यक्षिकाची वही असेल तर आणा. मशीन, ड्रॉइंग, मटेरियल आणि मायक्रोमीटर कंपनी देईल. एक जॉब काढून दाखवायचा. चुकला तर का चुकला ते सांगायचं.’

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
भोसरी